बोटाखालचं माप

दात पडला, की जीभ सारखी त्या खिंडीत जाते. केवढी मोठी वाटते ती खिंड! आरशात पाहावं तर जेमतेम हरभऱ्याएवढी. मग खरं कोणाचं, जिभेचं की डोळ्याचं?

लाइपझिगचे प्राध्यापक एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी या कोड्यासाठी हाती घेतलं साधं कर्कटक. त्याची दोन टोकं कातडीवर टेकवायची आणि विचारायचं, एक लागतं की दोन? बोटाच्या पेरावर टोकांत सुमारे २ मिलिमीटर अंतर असलं तरी दोन कळतात. पाठीवर मात्र कित्येक सेंटिमीटर अंतर ठेवलं तरी एकच! १८३४ साली त्यांनी हे लॅटिन ग्रंथात मांडलं. दुसरी गंमत अशी, की कर्कटक तितकंच उघडं ठेवून कानाजवळून ओठांकडे आणलं, तर टोकं एकमेकांपासून लांब जात आहेत असं वाटतं. (घरी करून पाहा, टोकं बोथट असू द्या!) म्हणजे स्पर्शाची फूटपट्टी सगळ्या अंगभर सारखी नाही. पुढे कळलं, की मेंदूत बोटं, ओठ आणि जीभ यांच्या वाट्याला पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा आलेली असते.

प्रयोगशाळेबाहेर याच गोष्टीवर अंधांचं वाचन अडलं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या अंधशाळेत व्हॅलेंटाईन आउई यांनी कागदावर उठावाची रोमन अक्षरं छापली. हेतू थोर, पण माप डोळसांचं. अक्षर मोठं, म्हणून वाचायला सोपं, हा हिशेब डोळ्याचा. बोटाला मोठं अक्षर कडेकडेनं चाचपत जावं लागतं. वाचन रखडतं आणि पुस्तकं जडशीळ होतात. नंतर शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्यानं बारा ठिपक्यांची लिपी आणली. तीही पेराखाली एका स्पर्शात मावेना.

त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्यानं बाराचे सहा ठिपके केले. १८२९ साली, म्हणजे वेबर यांच्या ग्रंथाआधी पाच वर्षं, त्यानं ही पद्धत प्रसिद्ध केली. शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये; ब्रेल तर १८५२ मध्येच गेला होता. डोळस व्यवस्थेला बोटाचं म्हणणं पटायला पंचवीस वर्षं लागली.

१९५१ पासून भारती ब्रेलमुळे मराठीही याच सहा ठिपक्यांत वाचता येते. त्यातल्या शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर सुमारे २.५ मिलिमीटर असतं, कर्कटकाच्या त्या दोन मिलिमीटरांहून किंचित जास्त.