विद्यापीठाचा संघ आणि विद्यापीठाची थैली

विद्यार्थ्यांच्या खेळांचा इतिहास म्हणजे जिंकलेल्या चषकांची यादी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तो चषक आणावयास संघ कोणाच्या पैशाने गेला, आणि कोणत्या मंडळाच्या सभासदत्वामुळे त्याला मैदानात पाऊल टाकता आले, हा इतिहास बहुधा अलिखितच राहतो. बंगळूर शहराची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८५८ साली सुरू झालेले बंगळूरचे सेंट्रल कॉलेज पुढे मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. १९१६ साली महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानी मुलखातील ते पहिले विद्यापीठ. बंगळूरचा विद्यार्थी त्या दिवसापासून मद्रासचा न राहता म्हैसूरचा झाला.

१९२५ साली देशातील विद्यापीठांनी आपले आंतरविद्यापीठ मंडळ स्थापिले. परस्परांच्या पदव्यांना मान्यता मिळावी, विचारविनिमय व्हावा, हा त्यामागचा हेतू; खेळाचा विषय मागाहून आला. १९३५ साली मुंबईचे अर्देशिर बारिया यांनी आपला पुत्र रोहिंटन याच्या नावाने क्रिकेटचा चषक दिला. प्रारंभी ही स्पर्धा क्रिकेट नियामक मंडळ भरवीत असे; पुढे ती विद्यापीठांच्या क्रीडामंडळाकडे आली. पदव्यांसाठी पत्करलेले सभासदत्व अशा रीतीने मैदानाचे प्रवेशपत्र ठरले. आजही भारतीय विद्यापीठ संघाचे सभासद असल्यावाचून विद्यापीठाला या स्पर्धांत उतरता येत नाही.

चषक दात्याच्या औदार्याने एकदाच येतो. खर्च मात्र दरवर्षी येतो. प्रवास, पोषाख, शिक्षक, मैदानाची निगा यांसाठी विद्यापीठाचा मोठा आधार म्हणजे विद्यार्थ्यांकडून घेतली जाणारी लहानशी क्रीडा-फी. जो कधी चेंडूला हात लावणार नाही, त्याचाही वाटा तीत असतो. संलग्न महाविद्यालये जितकी अधिक, तितकी ही थैली जड आणि संघनिवडीचे क्षेत्रही विस्तृत.

म्हणूनच विद्यापीठाची वाटणी ही खेळाचीही वाटणी असते. १९६४ साली बंगळूर विद्यापीठ निराळे झाले. सेंट्रल कॉलेज त्याच्याकडे आले आणि कालपर्यंत म्हैसूरसाठी खेळणारे शहर म्हैसूरचे प्रतिस्पर्धी बनले. पुढे २०१७ साली त्याच बंगळूर विद्यापीठाचे विभाजन होऊन मध्य आणि उत्तर अशी आणखी दोन विद्यापीठे उभी राहिली. प्रशासनाच्या सोयीसाठी हे आवश्यक असेल. पण एका थैलीच्या तीन थैल्या झाल्या की पैसा वाटला जातो, धावपट्टी मात्र वाटता येत नाही.

दरम्यान दुसरा मार्गही दृष्टीस पडू लागला. २४ एप्रिल ते ३ मे २०२२ या काळात बंगळुरात खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या मल्लखांबाला तेथे प्रथमच स्थान मिळाले. यजमान होते जैन अभिमत विद्यापीठ आणि वीस सुवर्णपदकांसह प्रथम क्रमांकही त्याचाच. जलतरणपटू श्रीहरी नटराज हा त्याचा विद्यार्थी. शेकडो महाविद्यालयांचा भार नसलेली संस्था आपला पैसा निवडक गुणवंतांवर एकवटू शकते, हे त्या विजयाने दाखविले.

अमेरिकेत तर विद्यापीठे आपला क्रीडासंघच बदलतात. दूरचित्रवाणीच्या पैशाच्या ओढीने पॅसिफिक किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांच्या जुन्या संघातून दहा जण बाहेर पडले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे दोनच उरले. आपल्याकडे विभाग भूगोलाने ठरतो. बंगळूरला दक्षिण विभाग सोडून मुंबईच्या पंक्तीस बसता येत नाही. त्यामुळे प्रवासाचा खर्च आटोक्यात राहतो आणि शेजाऱ्याशी असलेली जुनी चुरसही टिकते.

परंतु भूगोल थैली भरीत नाही. सार्वजनिक विद्यापीठाचे पहिले कर्तव्य पदक नव्हे, तर फी भरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला संध्याकाळी खेळावयास जागा देणे हे आहे. विभक्त झालेल्या विद्यापीठांनी निदान मैदाने आणि शिक्षक सामाईक ठेवले, तर हे कर्तव्य पार पडेल. मग त्या गर्दीतूनच एखादा विजेता निघेल, आणि न निघाला तरी विद्यार्थ्यांनी दिलेला पैसा सत्कारणी लागला असेच म्हणावे लागेल.