शेतीशाळा (यवतमाळ जिल्हा)
प्रौढ शेतकऱ्यांना उभ्या पिकात शिकवण्याची पद्धत. अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झाली. महाराष्ट्रात कृषी विभाग ती राबवतो. कापसाच्या या जिल्ह्यात प्रशिक्षकाने व्याख्यान आवरून मंडळींना सरीत उतरवलेले बरे. डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीमुळे न उमललेली फुले) त्यांनीच शोधाव्यात, हिरवी बोंडे फोडून अळी पाहावी, कामगंध सापळ्यातले तिचे पतंग मोजावेत. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार, निर्णय गटाचा. कारण मुरलेल्या शेतकऱ्याला आयते उत्तर पटत नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने येथे सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा हे धडे पंप पाठीवर घेऊनच द्यावेत. पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो, बोलावणे मात्र सातबारावाल्याला. मजुरालाही बोलवावे, रोज बुडणार नाही अशा वेळी.