कीर्तिमंदिराचा उंबरठा

अमेरिकेत कूपरस्टाउन येथे बेसबॉलपटूंचे कीर्तिमंदिर आहे. १९३६ च्या पहिल्या निवडीपासून क्रीडालेखकांची शेकडा ७५ मते मिळवील तो पात्र, असा दंडक. परंतु कृष्णवर्णीयांना प्रमुख संघांचे दार १९४७ च्या एप्रिलपर्यंत बंदच होते. मग त्यांचा पराक्रम मोजावा कोणत्या मापाने? १९६६ साली स्वतःच्या सत्कारप्रसंगी टेड विल्यम्सने सॅचेल पेज व जॉश गिब्सन यांची नावे घेऊन हा अन्याय बोलून दाखविला. पेजला १९७१ साली, गिब्सनला १९७२ साली स्थान मिळाले. गिब्सन मात्र दार उघडण्याच्या जेमतेम तीन महिने आधीच निवर्तला होता. आकड्यांवरून गुणवत्ता ठरविताना आम्ही आधी एवढे विचारू : ज्याला मैदानच नाकारले, त्याच्या नावापुढील शून्य कोणाच्या खाती मांडावयाचे?