गोड्या पाण्यातील विषाणू व पोषकद्रव्यचक्र : गणिती प्रतिमाने

तळी, नद्या व जलाशयांतील विषाणू जीवाणू आणि शैवाल यांच्या पेशी फोडतात. त्यातून कर्ब, नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात किती आणि किती वेगाने परततात, याचा हिशेब मांडणारी समीकरणे म्हणजे ही प्रतिमाने. नैसर्गिक पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत विषाणू असू शकतात, हे १९८९ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. त्यानंतर या विषयाला जोर आला.

सांगाडा मात्र जुना आहे. लेविन, स्ट्यूअर्ट व चाओ यांनी १९७७ मध्ये पोषकद्रव्य, निरोगी जीवाणू, बाधित जीवाणू आणि विषाणू यांना अवकल समीकरणांनी जोडले. बाधेचा दर जीवाणू व विषाणू यांच्या संख्यांच्या गुणाकारावर ठरतो. समतोलात निरोगी जीवाणूंची संख्या ढोबळमानाने अशी येते : विषाणूंचा क्षयदर ÷ [बाधा-गुणांक × (एका पेशीतून निघणारे विषाणू − १)]. क्षयदर दिवसाला १, गुणांक दिवसाला १०⁻⁸ मिलिलिटर आणि पेशीमागे ५० विषाणू धरले, तर मिलिलिटरला सुमारे २० लाख जीवाणू उरतात. या सूत्रात फॉस्फरस कुठेच नाही! तळ्यात खताचे पाणी वाढले तरी समतोलात वाढतात ते विषाणू, जीवाणू नव्हेत. प्रतिमानाचा सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष हाच.

फॉस्फरसची गणना वेगळी ठेवावी लागते. विषाणूच्या डोक्यात डीएनए ठासून भरलेला असल्याने फुटलेल्या पेशीतील फॉस्फरसचा बराच वाटा नव्या विषाणूंतच अडकतो. ते नष्ट होईपर्यंत तो शैवालांच्या हाती लागत नाही. अनेक तळ्यांत टंचाई असते ती याच मूलद्रव्याची, म्हणून हा तपशील किरकोळ नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील मायक्रोसिस्टिस या नीलहरित जीवाणूच्या विषामुळे अमेरिकेतील टोलेडो शहराच्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. विषाणूंनी पेशी फोडल्याने विष पाण्यात विरघळले असावे, असे एका अभ्यासाने नंतर सुचवले. अखंड पेशी गाळता येतात, विरघळलेले विष गाळणीतून निसटते.

अशा प्रसंगी साधी समीकरणे तोकडी पडतात. पाणी सर्वत्र सारखे घुसळलेले आहे, असे ती गृहीत धरतात. मायक्रोसिस्टिसचा थर तर वाऱ्याबरोबर पृष्ठभागावरून सरकत एका काठाला साचतो.