घोड्याचे पाय आणि चेंडूचे वजन

भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? एकोणिसाव्या शतकात हा वादाचा विषय होता. नुसत्या डोळ्यांना ते टिपता येत नव्हते. चित्रकार मात्र पुढचे पाय पुढे नि मागचे मागे ताणलेले घोडे खुशाल रंगवीत.

१८७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोडी धावत आली, वाटेत आडवे ताणलेले दोरे तुटत गेले आणि एकेक फोटो निघत गेला. उत्तर मिळाले. चारही पाय सुटतात, पण ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना!

मग फोटोवरूनच चित्रे गिरवली, तर कार्टूनमधली हालचाल खरी दिसेल ना? मॅक्स फ्लायशर या अमेरिकी चित्रकाराने १९१५ साली याच युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. भाऊ डेव्ह याला विदूषकाचा पोशाख चढवून त्याने त्याचे चित्रण केले. फिल्मची एकेक चौकट काचेवर पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. हीच 'रोटोस्कोप' पद्धत.

१९३७ सालच्या 'स्नो व्हाइट' या चित्रपटासाठी डिस्नेच्या चित्रकारांनीही एका नर्तकीच्या चित्रणाचा आधार घेतला. पण नुसती गिरवलेली माणसे मापात अचूक असूनही निर्जीव वाटत, तरंगल्यासारखी दिसत. असे का व्हावे? फोटोत छायाप्रकाश असतो, कपड्यांच्या चुण्या असतात, वेगाने हलणारा हात पुसट उमटतो. त्यांवरून आपल्याला वजन आणि जोर जाणवतो. गिरवताना उरते ती बाह्यरेषा. हरवलेले वजन चित्रकाराला परत आणावे लागते आणि त्यासाठी हालचाल कशामुळे होते हे समजावे लागते.

डिस्नेच्या स्टुडिओत १९३२ पासून डॉन ग्रॅहम हे शिक्षक चित्रकारांचे वर्ग घेत. १९४२ सालच्या 'बांबी'साठी तर हरणाची जिवंत पाडसे स्टुडिओत आणून त्यांचा अभ्यास झाला. अशा निरीक्षणांतून काही नियम हाती आले. उडी मारण्यापूर्वी माणूस आधी खाली वाकतो. आपटलेला चेंडू चपटा होतो, पण त्याच वेळी तो रुंदही दाखवायला हवा, नाहीतर त्याचे आकारमानच घटल्यासारखे दिसते. चित्रकार या गोष्टी मुद्दाम थोड्या वाढवून काढत, आणि नेमके तेच प्रेक्षकांना नैसर्गिक वाटे!

वर्गात हे सहज करून पाहता येईल. दोन छोट्या वह्यांच्या कोपऱ्यांत, पानागणिक थोडा खाली सरकणारा चेंडू काढू या. पहिल्या वहीत दर पानाला अंतर सारखेच ठेवू, दुसऱ्या वहीत १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढवत नेऊ. पाने भराभर सोडली की पहिला चेंडू कुणी दोरीने खाली सोडतो आहे असे वाटते. दुसरा खरोखर पडतो. हे प्रमाण गॅलिलिओने शोधलेले, आपण नववीत शिकवतो तेच.

आज नटाची हालचाल संगणकात थेट नोंदवता येते. तरीही तिच्यावर चित्रकाराला हात फिरवावा लागतो. आपल्या वर्गातही मुले हृदयाची आकृती हुबेहूब गिरवतात. रक्त कुठून कुठे आणि का जाते हे कळल्यावर काढलेली आकृती कदाचित वाकडी येईल. आपण गुण कोणत्या आकृतीला देतो?