घरांतलें वचन आणि कोर्टाची पायरी

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी लागते. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आषाढी वारीस याच वाटेनें पुण्यांत येते. एके काळीं शहराबाहेर असलेली ही वाडी आज महानगरपालिकेच्या हद्दींत आहे, आणि जेथें शेतें होतीं तेथें इमारती उभ्या आहेत. जमिनीला भाव आला कीं घराघरांत कागद फिरूं लागतात. समजा, अशाच एका घरांत वडील वारले आहेत. धाकटा भाऊ सासरीं असलेल्या बहिणीस बोलावून घेतो आणि म्हणतो, "ताई, तूं हक्कसोडपत्रावर सही कर. जमिनीचे पैसे आले कीं पांच लाख रुपये तुझ्या हातावर ठेवीन." ताई सही करते. भावापाशीं लेखी मागावयाचें कसें? माहेर तुटेल ही भीति असते. पुढें पैसे येतात. वचन मात्र भावाच्या स्मरणांतून जातें. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें म्हणतात. पण ताईनें ती चढलीच, तर कोर्ट तिला काय सांगेल?

हा प्रश्न नवा नाहीं. धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें मानलीं, त्यांत दिलेलें परत घेण्याविषयींच्या वादास एक स्वतंत्र पद आहे. कुटुंबाच्या निर्वाहास बाध येणार नाहीं इतकेंच द्रव्य द्यावें, आणि एकास देऊं केलेलें दुसऱ्यास देऊं नये, असें याज्ञवल्क्य सांगतो. कात्यायनाचे विखुरलेले श्लोक महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं एकत्र करून १९३३ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत ब्राह्मणास आपण होऊन दान कबूल करून जो तें देत नाहीं, त्याजकडून तें ऋणासारखें वसूल करावें, असा नियम आहे. उलट नारदानें भयानें, क्रोधानें, शोकानें किंवा थट्टेनें दिलेलें न दिल्यासारखेंच मानावें असें सांगून असे सोळा प्रकार मोजले. वचन दिलें कीं नाहीं एवढेंच न पाहतां तें कोणत्या मनःस्थितींत दिलें हेंहि पाहावें, ही दृष्टि आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मराठी राज्यांत असे तंटे गोतसभेपुढें किंवा पंचायतीपुढें येत. निवाडा मानूं असें वादी-प्रतिवादी आधीं लिहून देत, जामीन देत, आणि निकाल महजरांत लिहिला जाई. ज्यास अक्षर येत नसे तो आपली निशाणी करी; कुणब्याची निशाणी नांगर. निवाडा करणारे गांवचेच असत. कोणीं कोणाच्या पडवींत काय कबूल केलें हें त्यांस ठाऊक असे, आणि वचन मोडणाऱ्यास त्याच गांवांत तोंड दाखवावें लागे. १८१८ मध्यें पेशवाई गेली, आणि पुढें इंग्रजी पद्धतीचीं कोर्टें स्थिरावलीं. तेथील न्यायाधीश पडवींत बसलेला नव्हता. त्यास कागद हवा होता.

१ सप्टेंबर १८७२ रोजीं हिंदुस्थानचा कराराचा कायदा अंमलांत आला. त्याचा साधा सिद्धांत असा कीं, मोबदल्यावांचून केलेला करार रद्द होय. परंतु घरगुती वचनांकरितां २५ व्या कलमांत एक दार उघडें ठेविलें आहे. वचन लेखी असावें, तें रजिस्टर केलेलें असावें, आणि जवळच्या आप्तांमधील स्वाभाविक प्रेमामुळें दिलेलें असावें; असें असल्यास मोबदला नसतांहि तें बंधनकारक होतें. कायद्यांतच उदाहरण आहे: बाप प्रेमामुळें मुलास एक हजार रुपये देण्याचें कबूल करतो आणि तें लिहून रजिस्टर करतो, हा करार झाला. दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. एकाच्या तान्ह्या मुलाचा दुसऱ्यानें सांभाळ केला, आणि बापानें मागाहून तो खर्च देण्याचें कबूल केलें, तर तेंहि वचन पाळावें लागतें. शिवाय जें एकदां प्रत्यक्ष देऊन झालें, तें मोबदला नव्हता या सबबीवर परत मागतां येत नाहीं.

तथापि प्रेम मोजावयाचें कसें? एका वर्षाच्या अंतरानें झालेल्या दोन निकालांनीं ही अडचण उघड केली. मुंबई हायकोर्टापुढें १८९९ सालीं दोन भावांचा दावा आला. एकानें पूर्वीं जमिनींत हिस्सा मागितला होता. दुसऱ्यानें ती वडिलोपार्जित नाहीं असें शपथेवर सांगितल्यामुळें तो दावा निघून गेला. पुढें त्याच दुसऱ्या भावानें रजिस्टर केलेल्या लेखानें अर्धी जमीन देण्याचें कबूल केलें. भावाशीं पुन्हां सलोखा व्हावा म्हणून आपली मिळकत देण्यास जो तयार झाला, त्याच्या ठायीं भावाविषयीं प्रेम होतें, असें कोर्टानें मानलें आणि वचन खरें केलें. १९०० सालीं कलकत्त्यास एका पत्नीचा दावा आला. पतीनें तिला निराळें राहण्यासाठीं आणि पोटगीसाठीं पैसे देण्याचें लिहून रजिस्टर केलें होतें. पण त्याच लेखांत आपसांतील कलहाचें वर्णन होतें. येथें प्रेमाचा लवलेशहि नाहीं असें म्हणून कोर्टानें तो कागद निरर्थक ठरविला. नातें जवळचें, कागद पक्का, आणि निकाल अगदीं उलट!

मोबदला असेल तर मात्र प्रेमाची परीक्षा लागत नाहीं. २५ ऑक्टोबर १८७७ रोजीं एका सासऱ्यानें होणाऱ्या सुनेस पानदानाच्या खर्चाकरितां दरमहा ५०० रुपये देण्याचें तिच्या बापाशीं लिहून ठरविलें. वधूवर दोघेंहि अज्ञान होतीं. पुढें सुनेनें थकलेल्या रकमेची फिर्याद केली तेव्हां ती करारांत सामील नव्हती असा आक्षेप निघाला. प्रिव्ही कौन्सिलनें १९१० सालीं तो फेटाळला आणि सुनेस पैसे देवविले. याउलट १९१९ सालीं इंग्लंडांतील अपील कोर्टानें, सिलोनांत नोकरीस असलेल्या एका पतीनें पत्नीस दरमहा ३० पौंड देण्याचें सांगितलें होतें, तें लागू करण्यास नकार दिला. नवराबायको घरांत जें बोलतात तें कोर्टांत नेण्याच्या हेतूनें बोलत नाहींत, हें त्याचें कारण.

आतां ताईकडे वळावें. तिला मिळालेलें वचन नुसतें प्रेमाचें नव्हे. त्यासाठीं तिनें आपला हिस्सा सोडला आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी बापाची वारस झाली. वडिलोपार्जित मिळकतींत तिला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानें १९९४ सालीं केला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या. तो भेद २००५ च्या केंद्रीय कायद्यानें गेला. तेव्हां ताई मागते ती चोळीबांगडी नव्हे, किंमत आहे. अडचण निराळीच आहे. मोबदला न घेतां भावास वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क सोडला तर महाराष्ट्रांत नाममात्र मुद्रांक-शुल्क पडतें. मोबदला लिहिला तर खरेदीखताइतकें. म्हणून कागदावर "विनामोबदला" असें लिहितात. शुल्क वांचविण्यासाठीं लिहिलेली ही ओळ पुढें ताईच्याच विरुद्ध साक्ष देते. लेखाशीं विसंगत अशी तोंडी कबुली पुढें आणूं न देणें, हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे. त्यांतहि पैशांच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षें. संकोचांत तीं केव्हां सरतात हें कळतहि नाहीं.

म्हाताऱ्या आईबापांच्या बाबतींत कायदा अलीकडे अधिक कनवाळू झाला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांस दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांत आहे. मध्य प्रदेशांतील एका मातेनें २०१९ सालीं मुलास बक्षीसपत्र करून दिलें होतें. सांभाळ करीन असें मुलाचें वचनपत्रहि तिच्यापाशीं होतें. तें बनावट आहे असें मुलगा म्हणाला. जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें बक्षीसपत्र रद्द करून मिळकत मातेस परत देवविली. तेथेंहि मातेच्या हातीं कागद होता, हें विसरूं नये.

या साऱ्या इतिहासांतून एक गोष्ट दिसते. कायदा घरगुती वचनास हंसत नाहीं. त्याचा लेख मागतो. पण आपल्या घरांत लेखाची आठवण होते ती भांडण झाल्यावर, आणि तेव्हां कागद झाला तरी, कलकत्त्याच्या त्या पत्नीप्रमाणें, प्रेम उरलें नाहीं म्हणून तो फुकट जाण्याचा संभव असतो. लिहावयाची खरी वेळ गोडी असते तीच. भावानेंच आपण होऊन म्हणावें, "ताई, रक्कम आणि तारीख कागदांत घालूं, शुल्क पडेल तें मी भरीन." एवढें म्हणणाऱ्या भावाच्या बहिणीस कोर्टाची पायरी चढावी लागत नाहीं, आणि दिवाळीस माहेरीं येतांना तिचा पायहि अडखळत नाहीं.