बांगडीची काच आणि अणुकचरा

काचेच्या बांगडीतला रंग धुतला तरी जात नाही. तो काचेत एकजीव झालेला असतो. अणुकचरा सांभाळायला हाच गुण कामी आला.

तारापूरला 1969 साली अणुवीज सुरू झाली. वापरलेल्या इंधनातून कामाचं काढून घेतलं की घातक द्रव उरतो. टाकीत ठेवला तर गळायची भीती. म्हणून 1980च्या दशकात तिथेच तो वाळू, टाकणखारासारख्या पदार्थांसोबत वितळवून त्याची काच करायचा कारखाना उभा राहिला. ती काच पोलादी डब्यांत राखतात.

त्यातलं सीझियम दर 30 वर्षांनी निम्मं होतं. 300 वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. काही द्रव्यं मात्र हजारो वर्षं टिकतात.

पाण्यात उतरलेला खार काढणं किती कठीण, हे आपण खारपाणपट्ट्यातल्या बाया जाणतो. वीज आपण वापरली. राखण मात्र नातवंडांच्या नातवंडांकडे जाणार. ती कशी चालते, हे विचारायचा हक्क आपलाही आहे.